सगळ्यांचं मिळून एक स्वप्न

(गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. स्मरणिका समितीनं ‘लिहून द्याच’ असा आग्रह धरला, म्हणून आठवेल तसं लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा मुद्दाम फारशी बदललेली नाही.)



गणपतीत माझं भाषण म्हटलं की विषय ठरलेला असतो. नॉमिनेशन भरलंत का, मृत्युपत्र केलंत का, ओटीपी कुणाला सांगू नका. अडतीस वर्षं बँकेत काढल्यावर माणसाकडून दुसरी अपेक्षाही कोणी करत नाही. यंदा मात्र मी सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं होतं की मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. त्यांना वाटलं कॅरम. कॅरम नाही. हा खेळ मी स्वतः तयार केला आहे. म्हणजे तयार केला म्हणणं जरा जास्त होईल, निम्मा माझ्या नातीनं आणि पुढे बसलेल्या या मंडळींनी केला. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं आणि सगळ्यांनी मिळून एकच स्वप्न बघायचं, जागेपणी, बोलून. एवढाच खेळ.

निवृत्त माणसाला उद्योग नाही, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. खरं आहे. पण हा उद्योग कुठून सुरू झाला ते आधी सांगतो.

तुमच्यापैकी जुन्या सभासदांना आमची ही माहीत आहे. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. तिला रोज स्वप्नं पडायची आणि सकाळी चहाच्या वेळी ती मला ती सांगायची. मी पेपर वाचत असायचो. मधूनमधून “बरं, मग?” म्हणायचो. ते ‘बरं, मग?’ ऐकण्याचं नव्हतं, तुम्हाला कळलं असेल. अग्रलेख संपेपर्यंत स्वप्नही संपलेलं असायचं. असं किती वर्षं चाललं म्हणता? त्रेचाळीस. रोज एक धरलं तर हिशोब तुम्हीच करा. त्यातलं आज मला धड आठवतं ते एकच. त्याच्याकडे शेवटी येतो.

मागच्या मे महिन्यात मुलीची मुलगी सुट्टीला आली. बारा वर्षांची आहे. येताना तिनं एक पत्त्यांचा खेळ आणला. डिक्सिट त्याचं नाव. जाँ-लुई रुबिरा नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी तो केला, २००८ साली तो बाजारात आला आणि २०१० मध्ये जर्मनीत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं बक्षीस मिळालं. ८४ पत्ते, आणि प्रत्येकावर स्वप्नात दिसावं तसं काहीतरी चित्र. एकानं आपल्या हातातल्या चित्रावर एखादा शब्द किंवा वाक्य बोलायचं आणि बाकीच्यांनी ते चित्र ओळखायचं. गंमत त्याच्या गुणांत आहे. तुमचं चित्र सगळ्यांनी ओळखलं तरी तुम्हाला शून्य आणि कोणीच ओळखलं नाही तरी शून्य. म्हणजे अगदी उघडं बोलायचं नाही आणि अगदी कोड्यातही बोलायचं नाही. काहींना कळेल, काहींना नाही, असं बोलायचं. मला हा नियम फार आवडला. संसारातही बरंचसं बोलणं याच मापाचं असतं.

दोन दिवस खेळल्यावर मी नातीला म्हटलं, “हे ओळखण्याचं झालं. सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची, असा खेळ नाही का?” ती म्हणाली, “आजोबा, आहे ना!” आणि तिनं मला डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दल सांगितलं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो छापला. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपण काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. पुढे जगभर असे शेकडो खेळ झाले. काहींत तर सूत्रधारही नसतो.

मी म्हटलं, मग आपणही एक करू. विषय तिनंच सुचवला. “आजी मला स्वप्नं सांगायची फोनवर. स्वप्नाचा खेळ करू.” मी गप्प बसलो. नातीनं ऐकली होती म्हणजे.

आता पहिला प्रयत्न ऐका, म्हणजे तुमची करमणूक होईल. मी तीन दिवस बसून नियम लिहिले. चार पानं झाली. प्रत्येक खेळाडूला एक ‘स्वप्न पासबुक’. चांगली कल्पना सुचली की दहा गुण जमा, विसंगत बोललं की पाच वजा. एक परीक्षक. शेवटी शिल्लक जास्त त्याचा विजय. आपला जुना मोक्षपट आठवून मी त्यात थोडी नीतीही घातली. मोक्षपट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज, परंपरा त्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते. त्यात शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, त्यामुळे आपण खाली का घसरलो हे पटावरच कळायचं. तसं माझ्या खेळात स्वप्नात कोणी खोटं बोललं की दोन घरं मागे!

आपल्या बिल्डिंगमधली चार मुलं बोलावली. वीस मिनिटं खेळ चालला. त्यातली पंधरा मिनिटं मी नियम समजावत होतो. शेवटी ए विंगमधला एक छोटा मित्र, इथेच बसलाय, नाव सांगत नाही, तो म्हणाला, “आजोबा, हे स्वप्न नाहीये, हा लोनचा फॉर्म आहे.”

मुलांनो, हसा. मीही हसलो, पण रात्री झोप आली नाही. कारण तो बरोबर बोलला होता. मी आयुष्यभर लोकांची स्वप्नं फॉर्मवर उतरवून घेतली. घराचं स्वप्न, मुलीच्या लग्नाचं, रिक्षाचं, दुकानाचं. उत्पन्नाचा दाखला, दोन जामीनदार, मार्जिन मनी. ते कामच होतं आणि ते तसंच करायला हवं होतं. पण रात्री पडणाऱ्या स्वप्नाला जामीनदार लागत नाही, हे मी विसरलो होतो.

मग मी एक रफ वही घेतली आणि आधी स्वप्न कसं असतं तेच लिहून काढलं. तुम्हीही पडताळून पाहा. स्वप्नाला सुरुवात नसते, आपण एकदम मध्येच असतो. घर आपलं असतं, पण आपल्यासारखं नसतं. माणूस एक असतो, आवाज दुसऱ्याचा. आणि मुख्य म्हणजे ‘असं कसं?’ असा प्रश्न आत असताना आपल्याला पडत नाही. तो जाग आल्यावर पडतो. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी दाखवलं की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि तेव्हा उठवलं तर माणसं बहुधा स्वप्न सांगतात. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अशा झोपेचा असतो. म्हणजे रात्री आपण सगळेच तिकडे जाऊन येतो. फक्त सकाळी दात घासेपर्यंत विसरतो. सांगितलं तर राहतं, नाही तर गेलं.

दोन माणसांना एकच स्वप्न पडतं का, हा प्रश्न मला नातीनं विचारला. पडत नसावं. पण एकाचं स्वप्न दुसऱ्याचंही होऊ शकतं, आणि याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. बाणासुराची मुलगी उषा. तिच्या स्वप्नात एक तरुण आला. कोण, कुठला, काही माहीत नाही. तिची मैत्रीण चित्रलेखा. तिनं काय केलं? “अगं, स्वप्नच ते, विसर” असं म्हणाली नाही. कुंचला घेऊन बसली आणि एकेक चेहरा काढून दाखवत गेली. देव, गंधर्व, मग माणसं, मग यादव. अनिरुद्धाचं चित्र आलं तेव्हा उषा लाजली आणि ओळख पटली. स्वप्न उषेचं होतं, पण हात चित्रलेखेचा होता. आमच्या खेळातली पहिली खेळाडू चित्रलेखा, असं मी मुलांना सांगतो. खेळाडूनं करायचं ते एवढंच. दुसऱ्याचं स्वप्न खरं धरायचं आणि त्यात आपल्या हातानं भर घालायची.

दुसरी मदत झाली ती मॉन्टेग्यू उलमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाची. ते साध्या लोकांचे गट घेऊन स्वप्नांवर बोलायचे. एकानं स्वप्न सांगायचं. बाकीच्यांनी त्याचा अर्थ लावायचा नाही. “हे माझं स्वप्न असतं तर...” अशी सुरुवात करून बोलायचं, म्हणजे स्वतःबद्दल बोलायचं. आणि सांगणाऱ्याला वाटेल तिथे थांबायची पूर्ण मोकळीक. ही फार शहाणी रीत आहे. ‘तुझ्या स्वप्नाचा अर्थ असा’ म्हटलं की समोरचा मिटतो. ‘माझं असतं तर’ म्हटलं की तो ऐकतो.

आता खेळ सांगतो. ज्यांना घरी करायचा असेल त्यांनी लक्ष द्यावं. खर्च शून्य.

घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घ्या. त्यांची कोरी बाजू कापून बावन्न पत्ते करा. वीस पत्त्यांवर जागा लिहा: जिना, शाळेचा वर्ग, फलाट, गच्ची, विहीर, बँकेचा काउंटर. वीस पत्त्यांवर वस्तू: छत्री, कुलूप, वाटी, पोस्टकार्ड, एक चप्पल. उरलेल्या बारांवर ‘उलटापालट’, म्हणजे स्वप्नात घडतं ते. ‘पाणी वर चढतं.’ ‘ओळखीच्या माणसाला दुसऱ्याचा आवाज आहे.’ ‘आपण उशिरा पोचतो, पण कोणी रागावत नाही.’ प्रत्येकाला तीन पत्ते. मध्ये एक वाटीभर चिंचोके आणि एक गजराचं घड्याळ. गजर चाळीस मिनिटांनंतरचा लावायचा. घड्याळाचं तोंड भिंतीकडे.

नियम पाच. चार पानांचे पाच ओळींवर आले आहेत.

पहिला, ‘आपण’ म्हणून बोलायचं आणि आत्ता घडतंय असं बोलायचं. ‘आपण फलाटावर उभे आहोत.’ मी नाही, तू नाही.

दुसरा, आपली पाळी आली की एक पत्ता टाकायचा आणि जास्तीत जास्त तीन वाक्यं बोलायची. हा नियम मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मंडळींबरोबर खेळलो तेव्हा पहिल्या सभासदांनी अकरा मिनिटं स्वप्न पाहिलं आणि शेवटी तात्पर्य सांगितलं.

तिसरा, ‘का’ आणि ‘असं कसं’ विचारायचं नाही.

चौथा, ‘नाही’ म्हणायचं नाही. आधीच्यानं जे सांगितलं ते झालंच. तुम्ही फक्त ‘आणि मग’ किंवा ‘पण तेवढ्यात’ म्हणून पुढे जायचं.

पाचवा, कोणाला काही नकोसं वाटलं तर त्यानं एक चिंचोका टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा. बाकीच्यांनी ‘कूस बदलली’ म्हणायचं आणि जागा बदलायची. कारण विचारायचं नाही.

हा पाचवा नियम कसा आला ते सांगतो. सुरुवातीला माझ्या जागांच्या पत्त्यांत ‘हॉस्पिटल’ होतं. एकदा खेळताना तो पत्ता पडला आणि खेळणाऱ्या एक ताई काही न बोलता उठून गेल्या. त्यांच्या घरी त्या वर्षी काय झालं होतं ते मला माहीत असूनही मला सुचलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. नंतर नातीनं सांगितलं की परदेशात अशा खेळांत टेबलावर ‘एक्स’ लिहिलेलं एक कार्डच ठेवतात. जॉन स्टाव्रोपुलोस नावाच्या माणसाची ती कल्पना. कोणीही त्याला हात लावला की तो भाग गाळायचा, कारण द्यावं लागत नाही. मला एकदम पटलं. चेकचं स्टॉप पेमेंट करायला आलेल्या माणसाशी आपण काउंटरवर वाद घालत नाही. त्याचा चेक आहे, तो थांबवेल. आपल्याकडे कार्डाऐवजी चिंचोका, कारण कार्डं आधीच बावन्न होती आणि चिंचोके मुलांच्या हाताला बरे वाटतात.

गजर वाजला की स्वप्न संपलं. वाक्य अर्धं असलं तरी संपलं. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली, “शेवट तर होऊ दे.” मी म्हटलं, तुमचं कुठलं स्वप्न शेवटापर्यंत गेलंय? मग पटलं. जिंकणं-हरणं नाही. मात्र गजर झाल्यावर एक फेरी असते. प्रत्येकानं या स्वप्नातली एक गोष्ट जागेपणी आणायची. वस्तू नव्हे, करण्यासारखं काहीतरी. आणि सांगताना सुरुवात ‘हे माझं स्वप्न असतं तर’ अशी करायची. राजा हरिश्चंद्रानं स्वप्नात राज्य दान केलं आणि जागा झाल्यावर ते पाळलं, म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलंय ‘हरिश्चंद्र फेरी’. राज्य द्यायची गरज नाही. एका मुलीनं सांगितलं, “हे माझं स्वप्न असतं तर मी उद्या वॉचमनकाकांना त्यांच्या गावाचं नाव विचारलं असतं.” तिनं विचारलं. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आता जे सांगायला मी उभा आहे ते सांगतो. हे सरांना विचारून सांगतोय. सर तिसऱ्या रांगेत बसलेत.

सर म्हणजे माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहणारे. पंचवीस वर्षांपूर्वी, १९९९ मध्ये आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, तेव्हा आम्ही दोघं एकाच दिवशी चाव्या घेऊन आलो. पाणी नव्हतं, लिफ्ट नव्हती, गॅलरीला ग्रिल नव्हतं. पहिल्या रात्री दोन्ही घरांनी मिळून गच्चीवर पिठलं-भात खाल्ला होता. मग काही वर्षांपूर्वी माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली. गिलावा पडला. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार होतो. वर जाऊन बेल वाजवायची, तर मी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. सर मराठीचे शिक्षक. त्यांनी माझ्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवून उत्तर पाठवलं. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं, त्यांनीही रजिस्टर पोस्टानं. एका जिन्यावर राहणारी दोन माणसं पोस्टमनला तीन मजले चढवत होती. मग पत्रंही थांबली आणि सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लिफ्टमध्ये एक जण शिरला की दुसरा जिन्यानं. ही गेली तेव्हा सर आले, दारात उभे राहिले, हात जोडले आणि गेले. तेव्हाही आम्ही दोघं काही बोललो नाही.

हिला हे भांडण अजिबात आवडत नव्हतं. तिनं मला अनेकदा सांगितलं असेल. मी पेपर वाचत होतो.

मागच्या मे महिन्यात, खेळ बऱ्यापैकी जमल्यावर, एका संध्याकाळी चारच जण झालो. नात म्हणाली, पाचवा हवा. आणि मला न विचारता वर जाऊन सरांना घेऊन आली. लहान मुलीला कोण नाही म्हणणार? सर आले, माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसले. नियम तिनं सांगितले.

पहिला पत्ता एका मुलाचा, ‘जिना’. “आपण आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात आहोत, पण जिना संपतच नाहीये.” दुसऱ्यानं ‘छत्री’ टाकली. “आणि मग जिन्यात पाऊस पडतो.” नातीनं काहीतरी टाकलं. मग सरांची पाळी. त्यांनी हातातला पत्ता बराच वेळ बघितला आणि टाकला. ‘पाणी वर चढतं.’ सर म्हणाले, “पाणी खालच्या घरातून वरच्या घरात गळतंय. वरचा माणूस वैतागलाय. आता तो खालच्याला पत्र लिहितोय.”

मुलं खो खो हसली. त्यांना काय माहीत?

पुढची पाळी माझी. खरं सांगतो, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. “नाही, वस्तुस्थिती अशी आहे की...” आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत निम्मी वाक्यं अशीच सुरू होतात, मिनिट्स काढून बघा. पण चौथा नियम मीच केलेला, आणि नात माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात ‘वाटी’ होती. मी टाकली. म्हटलं, “आणि मग खालच्या घरातून एक बाई वाटी घेऊन जिना चढते. सगळीकडे पाणी आहे. तिचे पाय ओले होत नाहीत.”

असं का बोललो, मला माहीत नाही. स्वप्नातलं आपल्याला माहीत नसतंच.

मुलांच्या पाळ्या गेल्या. एक हत्ती आला, लिफ्टमध्ये अडकला. पुन्हा सरांची पाळी. त्यांनी ‘कुलूप’ टाकलं, पण कुलपाबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, “वाटीत कटाची आमटी आहे. दर होळीला येते. बाई म्हणते, खाली सांगू नका.”

तीन वाक्यं. नियमात बसणारी.

हे स्वप्नातलं की खरं, हे मी विचारलं नाही. नियम तिसरा. थोड्या वेळानं गजर झाला. हरिश्चंद्र फेरीत सर म्हणाले, “हे माझं स्वप्न असतं तर मी घरातलं एक भांडं ज्याचं त्याला दिलं असतं.” मी म्हणालो, “हे माझं स्वप्न असतं तर मी वर जाऊन बेल वाजवली असती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वहिनींनी चहा केला. चहाबरोबर एक स्टीलची वाटी माझ्यापुढे ठेवली. काठाखाली आमच्या हिचं नाव घातलेलं. शेवटच्या होळीची राहिली होती. वाटी रिकामी परत करू नये म्हणून त्यांनी त्यात थोडी साखर घातली होती. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, “सर, माझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका किती होत्या?” ते म्हणाले, “सात.” मग आम्ही दोघं हसलो.

गळती थांबली का, असं तुम्ही विचाराल. नाही थांबली. याही पावसाळ्यात ओल आली. प्लंबर म्हणतो डक्टमधल्या पाइपचं काम आहे, सेक्रेटरींनी नोंद घ्यावी. पण आता ओल दिसली की मी वर जातो आणि आम्ही दोघं मिळून ती बघतो. सहा वर्षांत जे रजिस्टर पोस्टानं झालं नाही ते एका चिटोऱ्यानं झालं. यात खेळाची जादू आहे असं मी म्हणत नाही. कदाचित सरांनाही बोलायचं होतं आणि मलाही. आम्हाला फक्त अशी जागा हवी होती जिथे पहिलं वाक्य ‘नाही’नं सुरू होणार नाही.

म्हणून खेळ करणाऱ्या माणसानं काय शिकावं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. मी आधी नियम करत होतो ते चूक पकडण्यासाठी. खेळ जमला तेव्हा कळलं की नियम माणसांना बोलता यावं म्हणून असतात. माझ्या रफ वहीत अकरा वेळा खेळून बघितल्याची नोंद आहे आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी खोडलेलं आहे. फासा खोडला, गुण खोडले, परीक्षक खोडला, तात्पर्य खोडलं. घातलं असं फार थोडं. चिंचोके घातले, तीन वाक्यांची मर्यादा घातली. सोसायटीच्या उपविधींना हे लागू आहे की नाही, ते कमिटीनं ठरवावं!

आणि मित्रहो, एक लक्षात घ्या. १९९९ मध्ये इथे चिखल होता. मातीचा ढीग दाखवून आपण नातेवाइकांना सांगायचो, “इथे आमचा हॉल, इथे बेडरूम.” कोणीतरी बोट दाखवायचं आणि बाकीच्यांना भिंती दिसायच्या. कोणी ‘नाही’ म्हणालं नाही. ‘आणि मग इथे तुळस ठेवू’ म्हणालो. म्हणजे हा खेळ आपण सगळे आधी एकदा खेळलेलो आहोत. पंचवीस वर्षांत त्याचे नियम तेवढे विसरलो.

आता ते एक स्वप्न. हिचं, मला आठवणारं. ती सांगत होती की ती माहेरच्या अंगणात उभी आहे आणि अंगणात रेल्वेगाडी येऊन थांबली आहे. तिच्याकडे तिकीट नाही. टीसी उतरतो. ती घाबरते. पण टीसी म्हणतो, “तुमचं कोणीतरी काढून ठेवलंय.” पुढे काय झालं? ती सांगत होती. मी त्या वेळी पान उलटलं. पुढचं मला माहीत नाही.

तो त्रेपन्नावा पत्ता आहे. ‘अंगणात गाडी उभी आहे. तिकीट कोणीतरी काढून ठेवलंय.’ तो पत्ता पडला की मुलं दर वेळी वेगळं काहीतरी पुढे घडवतात. एकदा गाडीत सगळी सोसायटी बसली होती. एकदा इंजिन सर चालवत होते. मी ऐकतो. नीट ऐकतो. तिचं खरं स्वप्न पुढे कसं होतं ते मला आता कळणार नाही, पण ते पुढे चाललंय.

पत्त्यांचा एक जोड, चिंचोके आणि घड्याळ मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवलं आहे. वहीत नाव लिहून न्या, आणून द्या. घड्याळ चावीचं आहे, जास्त पिळू नका. आणि खेळ नाही जमला तरी उद्या सकाळी एक करा. चहाच्या वेळी घरात कोणी स्वप्न सांगायला लागलं तर पेपर खाली ठेवा. “बरं, मग?” जरूर म्हणा. पण उत्तर ऐकायला थांबा.



गणपती बाप्पा मोरया!